लाइन कुठली धरायची? आधी हात ओळखा, मग लेन



गेल्या भागात आपण बोलिंगचा बॉल निवडताना वजन किती घ्यावं आणि बोटांची भोकं कशी तपासावीत, ते पाहिलं. त्यानंतर बडोद्याच्या एका वाचक ताईंचा निरोप आला. त्या लिहितात, "आम्ही चौघं महिन्यातून एकदा मॉलमध्ये बोलिंगला जातो. पहिला गेम झकास होतो. दुसऱ्या-तिसऱ्या गेमला तोच बॉल, उभं राहायची तीच जागा, तोच नेम, तरी बॉल भलतीकडे जातो. आमचे हे म्हणतात, तू दमलीस. खरंच तसं असतं का?"

ताई, दमणं थोडं असतंच. पण बरेचदा तुमचा हात होता तसाच असतो, बदललेली असते ती लेन. आणि ते बदलणं डोळ्यांना दिसत नाही, म्हणून दोष हाताला जातो.

हे मी एवढ्या ठामपणे सांगतेय, कारण आमच्या घरात हीच चूक झाली होती आणि ती मी केली होती.

आम्ही बंगळुरूला राहतो. माझी लेक बारा वर्षांची असल्यापासून बोलिंग खेळते. गेल्या वर्षी ती मुलांच्या एका स्थानिक स्पर्धेत उतरली. सहा गेमची बेरीज, आणि वरच्या काही जणांना अंतिम फेरीत प्रवेश. पहिल्या तीन गेममध्ये तिने १७१, १६८ आणि १७६ केले. मी मागच्या खुर्चीत बसून मनातल्या मनात पेढे वाटत होते. चौथ्या गेमपासून तिचा बॉल पहिल्या पिनच्या डावीकडे शिरायला लागला. १३९. तिने वळून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "आई, जरा सरकून उभी राहू का गं?" मी म्हटलं, "छे! चाललेलं बदलू नकोस. तीच लाइन धर, हात स्थिर ठेव." पाचवा १२८. सहावा १२१. एकूण ९०३. अंतिम फेरी १४ पिनांनी हुकली.

गाडीत ती एक शब्द बोलली नाही. घरी आल्यावर एवढंच म्हणाली, "माझ्या हातात काहीतरी प्रॉब्लेम आहे. मला नाही खेळायचं आता."

तिच्या हातात काहीही प्रॉब्लेम नव्हता. काय झालं होतं, तेच आज आपण बघू. म्हणजे तुमच्या घरातल्या कुणावर अशी वेळ आली, तर तुम्ही माझ्यासारखा सल्ला देणार नाही.

लेनचा नकाशा

आधी लेन नीट बघून घेऊ. फाउल लाइनपासून पहिल्या पिनपर्यंत बरोबर ६० फूट. रुंदी साडेतीन फुटांच्या जराशी आत, साधारण साडेएकेचाळीस इंच. या रुंदीत ३९ उभ्या पट्ट्या असतात, त्यांना बोर्ड म्हणतात. पूर्वी त्या खरोखरच्या लाकडी फळ्या होत्या. आता बहुतेक ठिकाणी लेन सिंथेटिक असते आणि फळ्या फक्त छापलेल्या असतात, पण मोजणी तीच. उजव्या हाताने खेळणारा उजवीकडून मोजतो, डावखुरा डावीकडून.

फाउल लाइनपुढे १२ ते १६ फुटांवर सात बाण असतात. ते ५, १०, १५, २० असे दर पाचव्या बोर्डवर येतात. मधला बाण २० व्या बोर्डवर, म्हणजे लेनच्या बरोबर मध्यावर. नवीन माणूस पिनांकडे बघून बॉल टाकतो, जाणकार बाणांकडे बघून टाकतो. साठ फुटांवरच्या पिनेपेक्षा पंधरा फुटांवरच्या बाणावर नेम धरणं केव्हाही सोपं.

आता लाइन म्हणजे काय? तुम्ही उभे कुठे राहता, बॉल कुठल्या बाणावरून जातो, तो वळत असेल तर कुठून वळतो आणि पिनांना कुठे भिडतो, या चार ठिकाणांना जोडणारी वाट म्हणजे लाइन. शेवटचं ठिकाण ठरलेलं आहे. उजव्या हाताच्या खेळाडूसाठी पहिल्या आणि तिसऱ्या पिनेमधली फट, तर डावखुऱ्यासाठी पहिल्या आणि दुसऱ्या पिनेमधली. या फटीला पॉकेट म्हणतात आणि ते साडेसतराव्या बोर्डच्या आसपास येतं. बरोबर पॉकेटमध्ये गेलेला बॉल दहापैकी फक्त चार पिनांना स्वतः धडकतो. उजव्या हाताचा असेल तर पहिली, तिसरी, पाचवी आणि नववी. बाकीच्या सहा पिना एकमेकींना पाडतात. म्हणूनच बॉल किती जोरात गेला यापेक्षा तो कुठे आणि कुठल्या कोनातून शिरला, याला महत्त्व आहे.

मुक्काम सगळ्यांचा एकच. तिथवर जायची वाट मात्र प्रत्येकाची वेगळी. ती दोन गोष्टींवर ठरते. तुम्ही बॉल कसा सोडता आणि लेनवर तेल कसं आहे.

न दिसणारं तेल

हो, लेनवर तेल असतं. लाकडी लेन घासून खराब होऊ नये म्हणून ते लावायला सुरुवात झाली. आज लेन लाकडाची नसली तरी तेल आहेच, कारण आता खेळच त्यावर उभा आहे. एका लेनवर मशीनने साधारण २० ते ३० मिलिलिटर तेल पसरतात, म्हणजे चहाचे चार ते सहा चमचे. पण तेवढ्याने बॉलचं सगळं वागणं बदलतं.

घरी कॅरम खेळताना आपण बोर्डावर पावडर टाकतो. पावडर आहे तिथे स्ट्रायकर सुळकन पळतो, नाही तिथे अडखळतो. एका कोपऱ्यात पावडर जास्त पडली, तर त्या बाजूचा नेहमीचा कट चुकतो. लेनचंही असंच आहे. फरक एवढाच, की पावडर दिसते, तेल दिसत नाही.

हे तेल सगळीकडे सारखं नसतं. मॉलमधल्या नेहमीच्या लेनवर ते साधारण पहिल्या ४० फुटांपर्यंत असतं, शेवटचे २० फूट कोरडे. रुंदीत बघितलं तर मध्यभागी दाट आणि दोन्ही कडांना पातळ. तेलावर बॉल घसरतो, कोरड्या भागात लेन त्याला पकडते. तुम्ही बॉलला फिरकी दिली असेल, तर ती पकड मिळाल्यावरच कामाला येते आणि बॉल वळतो. यालाच हूक म्हणतात.

मधे दाट, कडेला पातळ ही मांडणी हूक टाकणाऱ्या हौशी खेळाडूला सांभाळून घेते. उजव्या हाताच्या खेळाडूचा बॉल चुकून जरा उजवीकडे गेला, तर तिथे तेल कमी असतं, बॉल जास्त वळतो आणि पॉकेटकडे परततो. जरा डावीकडे गेला, तर तेल जास्त, तिथे तो कमी वळतो आणि फार आत शिरत नाही. मोठ्या स्पर्धांमध्ये ही सवलत काढून घेतात. तिथे मधलं आणि कडेचं तेल बरंच सारखं असतं, त्यामुळे दोन बोर्डांची चूकही महागात पडते. मॉलमध्ये दोनशेच्या घरात खेळणारा माणूस पहिल्याच स्पर्धेत दीडशेवर अडकतो, त्याचं हे एक मोठं कारण.

तुमचा हात कुठल्या जातीचा?

आता हाताकडे वळू. ढोबळमानाने पाच प्रकार सांगते. आपला कुठला ते ओळखा.

पहिला, सरळ टाकणारे. तळवा बॉलच्या मागे, फिरकी नाही. मॉलमधले आपल्यापैकी बहुतेक जण इथे मोडतात. माझे सासरेही यातलेच. त्यांचं वय ७१, मनगट कडक झालेलं, पण नेम पक्का.

दुसरा, संथ हूकवाले. हात घड्याळाच्या लंबकासारखा सरळ येतो, खांदे पिनांकडे, फिरकी बेताची. बॉल हळूच कमानीत वळतो. माझी लेक या गटातली.

तिसरा, जोरदार फिरकीवाले. मनगट आत वळवून, बॉलला ओंजळीत धरल्यासारखं करून सोडतात. बॉल लांबवर उजवीकडे जातो आणि शेवटी झपकन आत येतो.

चौथा, दोन हातांनी टाकणारे. अंगठा भोकात घालत नाहीत, दुसऱ्या हाताचा आधार शेवटपर्यंत ठेवतात. काही जण मिनिटाला ५०० हून जास्त फेरे देतात. फिनलंडचा ओस्कू पालेर्मा आणि ऑस्ट्रेलियाचा जेसन बेलमाँटे यांनी ही पद्धत जगापुढे आणली. सुरुवातीला लोक नाकं मुरडायचे, आता मुलं हीच पद्धत आधी शिकायला मागतात.

पाचवा प्रकार तैवानमध्ये रुजला. तिथे अनेक जण हलका, दहा-बारा पौंडांचा बॉल भोवऱ्यासारखा उभ्या आसावर फिरवत सोडतात. भोवऱ्याची आर जशी एकाच बिंदूवर टेकते, तसाच हा बॉल. तो जवळजवळ सरळ जातो आणि तेलाला फारशी दाद देत नाही. पिनांना भिडल्यावर मात्र बाजूला सरकत जातो आणि पिना एकमेकींवर आडव्या पडतात. तेल काहीही असो, आपली वाट बदलायला लागू नये, यासाठी ही शैली सोयीची.

यात चांगली-वाईट असं काही नाही. अमेरिकेच्या वॉल्टर रे विल्यम्स ज्युनियरने व्यावसायिक स्पर्धांमध्ये ४७ विजेतेपदं मिळवली. त्याची लाइन इतरांच्या मानाने बरीच सरळ असायची. बेलमाँटेचा बॉल अर्धी लेन ओलांडून परत येतो. दोघंही या खेळातली शिखरं आहेत आणि एकाची लाइन दुसऱ्याच्या कामाची नाही.

शैली आणि तेल यांची गाठ

आता दोन्ही एकत्र करू. पुढची सगळी मापं उजव्या हाताची आहेत. डावखुऱ्यांनी उजवीकडे म्हटलं की डावीकडे समजावं.

सरळ टाकत असाल तर मधून सरळ पहिल्या पिनवर नेम धरू नका. समोरासमोर धडक बसली की पिना दोन्ही बाजूंना फाकतात आणि स्प्लिट उरते. जरा उजवीकडे उभे राहा, बॉल दहाव्या बोर्डच्या आसपास टेकवा आणि दुसऱ्या व तिसऱ्या बाणांच्या मधून पॉकेटकडे तिरका पाठवा. पण याला मर्यादा आहे. अगदी उजव्या कडेवरून टाकलात तरी साठ फुटांत तुम्हाला दीड अंशाच्या आसपासच कोन मिळतो. स्ट्राइकसाठी चार ते सहा अंशांचा कोन चांगला मानतात आणि तो हूकशिवाय मिळत नाही. म्हणजे सरळ टाकणाऱ्याला स्ट्राइक कमी मिळणार. त्या बदल्यात त्याला तेलाचा त्रास कमी. माझ्या सासऱ्यांचा स्कोअर पहिल्या गेमपासून शेवटच्यापर्यंत १२५ ते १४० च्या मधेच असतो, कुठलीही लेन द्या.

संथ हूक असेल तर दुसऱ्या बाणावरून, म्हणजे दहाव्या बोर्डवरून सुरुवात करा. बॉल आठव्या-नवव्या बोर्डपर्यंत जाऊन आत वळला की गणित जुळलं. हा आकडा कुठून आला? खेळाडू एक सोपा हिशोब करतात. तेल जितके फूट लांब, त्यातून ३१ वजा करायचे. उत्तर येईल त्या बोर्डच्या आसपास तेल संपताना बॉल असायला हवा. तेल ४० फूट असेल तर नववा बोर्ड. तेल ३५ फुटांतच संपत असेल तर चौथा, म्हणजे अगदी कडेला. ४४ फूट असेल तर तेरावा. तेल आखूड तर बाहेरून, तेल लांब तर आतून, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

जोरदार फिरकीवाल्यांनी आणि दोन हातवाल्यांनी डावीकडे सरकून तिसऱ्या-चौथ्या बाणांमधून बॉल उजवीकडे सोडायचा. ते दुसऱ्या बाणावरून खेळले तर पातळ तेलात बॉल लवकर पकड घेईल आणि पहिल्या पिनच्या डावीकडून निघून जाईल. मधल्या दाट तेलातून पाठवला तर फिरकी शिल्लक राहते.

आणि यातली गोम अशी, की आपल्या शेजारच्या लेनवरचा मुलगा झक्कास स्ट्राइक मारतो, म्हणून आपण त्याच्या जागी जाऊन उभे राहतो. त्याची फिरकी आपल्याकडे नसते. मग आपला बॉल जातो तो थेट गटरात. नक्कल करायची तर त्याच्या पावलांची आणि तोलाची करा, लाइनची नको.

डावखुऱ्यांसाठी एक सुखाची बातमी. बहुतेक लोक उजव्या हाताचे असल्यामुळे लेनचा डावा भाग कमी वापरला जातो आणि तिथलं तेल जास्त वेळ टिकतं. मात्र म्हणून डावखुऱ्यांना आयतं मिळतं असं नाही. फिलिपिन्सचे पाएंग नेपोमुसेनो डावखुरे. त्यांनी १९७६, १९८०, १९९२ आणि १९९६ असा चार वेळा वर्ल्ड कप जिंकला. वीस वर्षांत बॉल बदलले, लेन बदलल्या, तेल बदललं. त्या प्रत्येक बदलाशी जुळवून घेतल्याशिवाय हे होत नाही.

तेल हलतं, तुम्हीही हला

आता बडोद्याच्या ताईंच्या प्रश्नाकडे, आणि माझ्या लेकीच्या चौथ्या गेमकडे येऊ.

प्रत्येक बॉल जाताना लेनवरचं थोडं तेल उचलून नेतो. स्वतःचे, हूक होणारे बॉल रेझिनचे असतात, ते तर तेल शोषूनच घेतात. एकाच वाटेवरून पाच-सहा जणांनी तीन गेम टाकले की त्या वाटेवरचं तेल विरळ होतं. मग बॉल लवकर पकड घेतो, लवकर वळतो आणि पॉकेट सोडून डावीकडे शिरतो. माझ्या लेकीच्या लेनवर नेमकं हेच चाललं होतं. सगळी मुलं दुसऱ्या बाणावरून खेळत होती आणि ती वाट कोरडी पडत चालली होती. ती अगदी बिनचूक तोच बॉल टाकत होती, म्हणूनच तो चुकत होता.

हे मला सांगितलं एका ज्येष्ठ खेळाडूने. तो सामना ते मागच्या बाकावरून बघत होते. पुढच्या रविवारी भेटले तेव्हा म्हणाले, की मुलीने वळून विचारलं, त्या क्षणी तिला उत्तर सापडलेलं होतं. दोन बोर्ड डावीकडे सरकली असती तर काम झालं असतं. मला काय बोलावं ते सुचेना.

मॉलमध्ये कधी कधी याच्या उलट होतं. तिथले बहुतेक बॉल साध्या प्लास्टिकचे, ते तेल शोषत नाहीत. चाकाला लागलेला चिखल पुढे जावा तसं ते पुढचं तेल मागच्या कोरड्या भागात ओढून नेतात. मग पहिल्या गेमला छान वळणारा बॉल तिसऱ्या गेमला वळायचं नावच घेत नाही आणि पॉकेटच्या उजवीकडे राहतो. ताई, तुमचा बॉल कुठल्या बाजूला चुकतो ते एकदा बघा, म्हणजे दोन्हींपैकी काय झालंय ते कळेल. आणि तुमचा बॉल मुळातच सरळ जात असेल आणि तो दोन्ही बाजूंना भरकटत असेल, तर मात्र यजमानांचं म्हणणं मान्य करून एक लिंबू सरबत घ्या.

उपाय एका वाक्यात असा आहे. बॉल ज्या बाजूला चुकतो, त्याच बाजूला पाय सरकवा, नेमाचा बाण तोच ठेवा. डावीकडे जास्त शिरतोय? डावीकडे सरका. उजवीकडे राहतोय? उजवीकडे सरका.

पहिल्यांदा हे उलटं वाटतं. पण कागदावर रेघ मारून बघा. बाण तोच ठेवून पाय डावीकडे नेले की बॉलची दिशा आपोआप उजवीकडे कलते. फाउल लाइनपासून मधला बाण साधारण १५ फुटांवर आहे आणि तिथून पिना ४५ फुटांवर, म्हणजे तिप्पट लांब. त्यामुळे सरळ जाणाऱ्या बॉलच्या हिशोबाने पाय एक बोर्ड डावीकडे गेले, तर पिनांजवळ बॉल तीन बोर्ड उजवीकडे जातो. म्हणून एका वेळी एक-दोन बोर्डच सरका, एकदम पाच नको. हूक टाकणाऱ्यांना पाय दोन बोर्ड आणि नेम एक बोर्ड त्याच बाजूला हलवणं बरेचदा जास्त चांगलं लागू पडतं, कारण अख्खी वाटच ताज्या तेलात जाते.

आणि केव्हा सरकायचं? पिनाच सांगतात. पॉकेटला लागला असं वाटूनही एकटी चौथी पिन वारंवार उरायला लागली, तर बॉल डावीकडे झुकायला लागलाय. पाचवी पिन मधे उभी राहिली, तर बॉल उजवीकडे राहतोय किंवा त्याच्यात जोर उरलेला नाही. एखाद्या वेळी झालं तर हात चुकला असेल. नीट टाकलेले दोन बॉल ओळीने एकाच बाजूला चुकले, तर लेन बदलली समजा. माझ्या लेकीच्या तिसऱ्या गेमच्या शेवटी चौथी पिन दोनदा उरली होती. स्कोअर १७६ होता म्हणून मी टाळ्या वाजवत होते.

उरलेल्या पिना

दुसऱ्या बॉलचं गणित सोपं ठेवा. तिथे कोनाची गरज नसते, पिनेला नेमका लागला की झालं. म्हणून हूकवाले अनुभवी खेळाडूही उरलेल्या पिनांसाठी प्लास्टिकचा बॉल घेऊन सरळ टाकतात. सरळ बॉलला तेल कमी भुलवतं. पिन उजवीकडे उरली असेल तर डावीकडे उभे राहा, डावीकडे उरली असेल तर उजवीकडे, आणि लेन तिरकी ओलांडू द्या. आमच्या घरात या कामात सासऱ्यांचा हात धरणारा कुणी नाही. उजव्या कोपऱ्यातली दहावी पिन त्यांच्या तावडीतून क्वचितच सुटते.

या शनिवार-रविवारी करून बघा

१. काउंटरवर विचारा, लेनला तेल केव्हा लावलं. सकाळी लावलं असेल आणि तुम्ही रात्री आठला खेळत असाल, तर वाट वापरून झालेली आहे हे धरून चाला.

२. पहिले तीन-चार बॉल स्कोअरसाठी नको, बघण्यासाठी टाका. बॉल कुठल्या बाणावरून गेला आणि पिनांना कुठे लागला, एवढंच बघायचं.

३. उभं राहताना डाव्या बुटाचं टोक अ‍ॅप्रोचवरच्या कुठल्या ठिपक्याजवळ आहे ते लक्षात ठेवा. आपण कुठे होतो हेच माहीत नसेल, तर सरकणार कुठून?

४. घरातल्या प्रत्येकाचा बाण आणि उभं राहायची जागा फोनमध्ये टिपून ठेवा. आजोबांची वेगळी, नातवाची वेगळी. पुढच्या वेळी तिथून सुरुवात करा, पण तिथेच अडून बसू नका.

५. बदल एका वेळी एकच. आधी पाय, मग नेम, मग वेग. सगळं एकदम बदललं तर कशाने फरक पडला ते कळत नाही.

६. आणि फाउल लाइन ओलांडू नका, मुलांनाही जाऊ देऊ नका. तिच्या पलीकडे तेलच असतं. पाय घसरतो आणि बुटाला लागलेलं तेल पुढच्या माणसालाही पाडू शकतं.

आता माझ्या लेकीचं राहिलं. त्या ज्येष्ठांशी बोलून घरी आल्यावर मी तिच्या खोलीत गेले आणि सांगितलं, की तुझा हात बरोबर होता, चुकलं ते माझं तोंड. तिने आधी विश्वास ठेवला नाही. मग आजोबांनी कॅरम काढला, मधोमध पावडरीचा ढीग ओतला आणि तिला म्हणाले, "मार आता तुझा नेहमीचा कट." स्ट्रायकर भलतीकडेच गेला. ती हसली, कितीतरी दिवसांनी.

चार महिन्यांनी ती पुन्हा एका स्पर्धेत उतरली. चौथ्या गेममध्ये चौथी पिन ओळीने दोनदा उरली. या वेळी तिने मागे वळून पाहिलं नाही. दोन बोर्ड डावीकडे सरकली, पाचव्या गेममध्ये आणखी दोन. शेवटी पाचवी आली. बक्षीस नाही. पण गाडीत बसल्यापासून घर येईपर्यंत तिची बडबड थांबली नाही. कुठे सरकले, का सरकले, तेल कुठे संपलं असेल. मी फक्त ऐकत होते.

तेव्हा वाचकहो, पुढच्या वेळी घरातलं कुणी खेळता खेळता वळून "सरकू का?" असं विचारेल, तेव्हा "सरकून बघ" म्हणा. फार तर एक बॉल वाया जाईल.

तुमच्या घरात कोण सरळ टाकतं, कोण वळवतं आणि कुणाची लाइन कुठल्या बाणावरून जाते, ते मला जरूर कळवा. पुढच्या भागात भेटू, लहान मुलांना बोलिंग शिकवताना पावलं कशी टाकायला शिकवायची ते घेऊन. तोपर्यंत खेळत राहा!